ड्रोनने दाखवलेला रोग: किती खरा मानायचा?

बांधावरचा

मंडळी, नोकरी हिंजवडीत आणि जीव नारायणगावात अशी माझी गत. गावी वडिलांची तीन एकर द्राक्षबाग आहे, शेजारी एकरभर टोमॅटो. ऑक्टोबर छाटणीला चाळीसेक दिवस झालेत. म्हणजे बाग फुलोऱ्यात आणि वडिलांचा रक्तदाब मांडवावर. त्यात मागच्या आठवड्यात दोन दिवस ढग आणि झिमझिम. द्राक्षवाल्यांना पुढचं सांगायला नको.

नेमकी तेव्हाच एका कंपनीची पोरं गावात आली. ड्रोन उडवून फोटो काढायचे, ते ‘डीप लर्निंग’मधून, म्हणजे पुष्कळ फोटो बघून शिकलेल्या संगणकाच्या मॉडेलमधून, घालायचे आणि कुठल्या झाडाला कुठला रोग आहे ते नकाशावर दाखवायचं. एकरी सहाशे रुपये. वडील नकोच म्हणत होते, मीच फोनवरून हट्ट केला. दोन दिवसांनी पीडीएफ आली. हिरवीगार बाग, तिच्यावर सात लाल ठिपके, आणि दोन ठिपक्यांवर बुरशीच्या रोगाचं नाव लिहिलेलं: ‘भुरी, खात्री ९४ टक्के’.

वडील त्या दोन जागी जाऊन आले आणि मला फोन केला. “अरे, भुरी येऊ नये म्हणून परवा गंधक मारलंय. बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचे पांढरे डाग बसलेत पानावर. तुझ्या यंत्राला औषधच रोग वाटलं.”

आता घरात माझी पत संपली आहे. उरलेल्या पाच ठिपक्यांकडे बघायलाही ते तयार नाहीत. प्रश्न सरळ आहे. हे तंत्र मुळातच कच्चं आहे, की आमच्या वाट्याला कच्चं आलं? कुणी वापरलंय का?

चहाटळ

औषध बघून रोग ओळखणारे डॉक्टर पुण्यात पुष्कळ आहेत. यंत्राला कशाला नावं ठेवता?

पिक्सेलपंत

पोटापाण्यासाठी हेच काम करतो (शेतीचं नाही, कारखान्यातल्या सुट्या भागांवरचे ओरखडे शोधायचं), म्हणून थोडं सविस्तर.

या क्षेत्रात ‘प्लांटव्हिलेज’ नावाचा फोटोंचा साठा प्रसिद्ध आहे. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. २०१६ साली त्यावर शिकवलेल्या मॉडेलने ९९.३५ टक्के अचूकता दाखवली आणि सगळीकडे टाळ्या पडल्या. पण त्याच शोधनिबंधात पुढे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर हा आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास घसरला. टाळ्या वाजवणारे तिथवर वाचत गेले नाहीत.

कारण काय? त्या साठ्यातली पानं तोडून, साध्या कागदासारख्या पार्श्वभूमीवर ठेवून, एकेकटी टिपलेली आहेत. २०२२ मध्ये एकाने गंमत केली. पान बघायचंच नाही, फोटोच्या कडेचे, म्हणजे पार्श्वभूमीचे, फक्त आठ पिक्सेल घ्यायचे आणि त्यावर मॉडेल शिकवायचं. तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली! ३८ वर्गांत (पीक आणि त्याचा रोग, किंवा निरोगी पान, अशा जोड्या) नुसता अंदाज मारला तर तीन टक्केसुद्धा येत नाहीत. म्हणजे मॉडेल बऱ्याच अंशी रोग नव्हे, तर कुठल्या दिवशी कुठल्या कागदावर फोटो काढला ते ओळखत होतं. परीक्षेला बसलेल्या पोराने प्रश्न न वाचता छपाईवरून पेपर ओळखावा तसं.

आयआयटी गांधीनगरच्या मंडळींनी म्हणून ‘प्लांटडॉक’ हा दुसरा साठा केला. २,५९८ फोटो, पण खऱ्या शेतातले, माती-हात-सावली सगळं असलेले. तिथे अचूकता एकदम जमिनीवर येते. आणि हेही सगळे हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे फोटो. ड्रोनचा फोटो म्हणजे तिसरीच तऱ्हा.

तुमच्या केसमध्ये माझा कयास असा, की ‘पानावर पांढरं म्हणजे भुरी’ एवढंच त्या मॉडेलला शिकवलं गेलं. ‘पानावर पांढरं, पण गंधक’ असे फोटो त्याने आयुष्यात पाहिलेच नसणार. आणि ९४ टक्के खात्री म्हणजे १०० पैकी ९४ वेळा बरोबर, असं मुळीच नाही. तो मॉडेलचा स्वतःबद्दलचा समज.

मोरचूद

अवांतर आहे, पण राहवत नाही. पानावरच्या डागांनी शेतीचा इतिहास बदललाय. फ्रान्समध्ये मेदोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर वाटसरूंनी घड चोरू नयेत म्हणून मालक मोरचूद आणि चुना फासून ठेवत. निळसर डाग बघून कुणी हात लावत नसे. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की आतल्या ओळी डाउनी या बुरशीच्या रोगाने झडल्या आणि कडेच्या तेवढ्या धडधाकट आहेत. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं, तेच आपलं बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, झालं एक टक्क्याचं.

तात्पर्य, त्या काळी हा ड्रोन असता तर त्याने कडेच्या ओळीच लाल दाखवल्या असत्या!

कावेरी_कोथरूड

माझ्या गच्चीत टोमॅटोच्या सहा कुंड्या आहेत. पानं वर वळून द्रोणासारखी झालीत. मोबाइलच्या ॲपमध्ये फोटो टाकला तर तीन वेळा तीन उत्तरं आली. ड्रोन परवडायचा नाही. कुणी सांगेल का काय झालंय?

शिवारफेरी

@कावेरी_कोथरूड ताई, पान उलटं करून कुंडीला टिचकी मारा. बारीक पांढऱ्या माश्या उडाल्या तर बोकड्या. विषाणू आहे, झाडाला औषध नाही. ते रोप काढा आणि बाकीच्यांना पिवळे चिकट सापळे लावा.

आता धाग्याच्या विषयावर. कृषी खात्याच्या क्रॉपसॅपमध्ये (पिकांवरच्या कीड-रोगांवर नजर ठेवायचा प्रकल्प) काही हंगाम कीड सर्वेक्षक म्हणून पायपीट केली आहे. मराठवाड्यात होतो, सोयाबीन-कापूस. ठरलेली शेतं, ठरलेले दिवस, शेतात वेगवेगळ्या जागी थांबून झाडं मोजायची आणि आकडे वर पाठवायचे. त्यामुळे ड्रोनबद्दल मला राग नाही, उलट हेवा आहे.

पण माझा प्रश्न पिक्सेलपंतांच्याही अलीकडचा आहे. मॉडेलला शिकवायला कुणीतरी आधी हजारो फोटोंवर लिहिलं असेल ना, ‘ही भुरी’, ‘हा करपा’? ते लिहिणारा कोण होता? तो त्या झाडाजवळ गेला होता का?

नावांचाच घोळ बघा. द्राक्षात ‘केवडा’ म्हणजे डाउनी, रोग. उसात ‘केवडा’ म्हणजे लोह कमी पडून पानं पिवळी-पांढरी होणं, रोग नव्हेच. ‘करपा’ तर कांद्यात तीन, टोमॅटोत दोन, द्राक्षात अजून निराळा. एका वहीत हे सगळं ‘केवडा’, ‘करपा’ म्हणून गोळा केलं आणि यंत्राला पाजलं, तर यंत्र काय करणार?

दुसरं. डाउनीचा पुरावा पानाच्या खाली असतो. वरून तेलकट पिवळसर डाग, आणि खाली त्याच जागी पांढरी कापसासारखी बुरशी. मांडवाच्या बागेत ड्रोन वरून जातो. त्याला पुराव्याची पाठ दिसते, तोंड कधीच दिसत नाही.

ऊसकरी_इंदापूर

शिवारफेरींना शंभर टक्के अनुमोदन. केवडा झालेल्या उसाला हिराकस लागतं, बुरशीनाशक मारून पैसे पाण्यात. आमच्या चुनखडीच्या रानात दरवर्षीचं आहे.

पण ड्रोनची बाजूही मांडतो. द्राक्षवाले नशीबवान, मांडवाखालून फिरता येतं. आठ महिन्यांच्या उसात शिरून दाखवा! पाच ओळी आत गेलं की अंगभर कूस आणि दिशा गुल. मागच्या वर्षी भाच्याने साधा ड्रोन उडवला, त्यात डीप लर्निंग वगैरे काही नाही, नुसता फोटो. प्लॉटच्या मधोमध ताटाएवढी पिवळी जागा दिसली. आत वाट काढत गेलो, ऊस उपटला तर मुळ्या खाल्लेल्या. हुमणी. कडेने फिरून मला ती तोडणीपर्यंत कळली नसती.

चहाटळ

‘ताटाएवढी’ वरून की खालून?

ऊसकरी_इंदापूर

वरून ताटाएवढी, खाली गेल्यावर सव्वा गुंठा.

उडता_सोनार

रिमोट पायलटचा परवाना आहे, फवारणीची आणि सर्व्हेची दोन्ही कामं करतो. इथे उंचीचं गणित कुणी मांडलं नाही म्हणून मांडतो.

एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा धरा. १०० मीटरवरून एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर साधारण २.७ सेंटिमीटर. ३० मीटरवरून ८ मिलिमीटर. डाउनीचा सुरुवातीचा डाग सेंटिमीटरभर, म्हणजे ३० मीटरवरून तो एक-सव्वा पिक्सेल! त्यात ‘तेलकट’ काय दिसणार, कपाळ? डाग नीट दिसायला दहा मीटरवर यायला हवं.

मग या की दहावर, असं म्हणाल. उंची एक तृतीयांश केली की फोटोंची संख्या नऊपट होते. नकाशा जोडायला फोटो एकमेकांवर चढवावे लागतात, पुढे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के. त्या हिशेबाने ३० मीटरवरून एकरी पन्नासेक फोटो, दहा मीटरवरून साडेचारशे. बॅटरी, वेळ, मेमरी कार्ड सगळंच त्या पटीत. शिवाय खाली आलं की पंख्याच्या वाऱ्याने पानं नाचायला लागतात आणि फोटो जुळत नाहीत. एकरी सहाशेत दहा मीटरवरून कुणी उडवत नाही, मी तरी नाही. @बांधावरचा, त्यांनी किती मीटरवरून उडवला ते पीडीएफच्या कोपऱ्यात बघा.

काही कंपन्या अदृश्य किरणांचा, म्हणजे निअर इन्फ्रारेडचा कॅमेरा लावतात आणि एनडीव्हीआय काढतात. निरोगी पान लाल उजेड शोषतं आणि निअर इन्फ्रारेड परतवतं; त्या दोहोंतली वजाबाकी भागिले बेरीज. उपयोगी आहे, पण त्यातून ‘झाड कण्हतंय’ एवढंच कळतं. पाणी कमी, मूळ कुजलं, नत्र कमी की रोग, ते नाही कळत. ताप मोजला म्हणजे मलेरिया सिद्ध होत नाही.

आणि पुण्याच्या जवळ शेती असणाऱ्यांनी उडवायच्या आधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर झोन बघाच. लोहगावला हवाईदलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए. हिरव्या झोनमध्ये १२० मीटरपर्यंत मुभा आहे. बाकी ठिकाणी परवानगी लागते, नाहीतर पीक राहील बाजूला आणि आपणच लाल ठिपका व्हाल.

बांधावरचा

बघितलं. कोपऱ्यात ४० मीटर लिहिलंय. म्हणजे डाग एक पिक्सेलही नाही, आणि खात्री ९४ टक्के. धन्य.

कावेरी_कोथरूड

माश्या उडाल्या. 😭

जुन्नरी_मिसळ

आमच्याकडे ड्रोन आला की पहिली शंका बिबट्याची. वनखात्याने थर्मल ड्रोन आणलाय म्हणून अर्धी वाडी गोळा होते. मागे रात्रीच्या ड्रोनच्या आवया उठल्या तेव्हा तर लोक काठ्या घेऊन गच्चीवर झोपत होते. तेव्हा ड्रोनवाल्यांनी सरपंचांना आधी कळवावं, ही विनंती. पोरं चांगली असतात हो, पण काठी विचारत नाही.

बाकी स्पष्ट बोलायचं तर हे सगळं शहरी खूळ आहे. माझे चुलते सकाळी बागेत शिरले की वासावरून सांगतात. त्यांना कसला नकाशा दाखवता!

संख्याताई

@जुन्नरी_मिसळ, तुमच्या चुलत्यांना नमस्कार, पण ते आता किती एकर चालतात आणि त्यांच्यानंतर कोण चालणार?

मी संख्याशास्त्र शिकवते, शेतीतलं ओ की ठो कळत नाही. पण बांधावरचा यांच्या बागेवर एक हिशेब करू. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी ९६८ वेली, तीन एकरांत सुमारे २,९००. समजा, खरोखर दोन टक्के वेली रोगट आहेत, म्हणजे ५८. मॉडेल बऱ्यापैकी चांगलं आहे असं धरू: दहा रोगटांपैकी नऊ पकडतं, आणि दहा निरोगींपैकी एकावर उगाच आळ घेतं. मग ५८ पैकी ५२ सापडतील. पण उरलेल्या २,८४२ निरोगींपैकी २८४ वरही लाल शिक्का बसेल. एकूण ३३६ लाल, त्यात खरे ५२. म्हणजे साडेसहा लाल वेलींमागे एक खरी.

इथे जुन्नरी मिसळ म्हणतील, बघा, बोगस! मी उलट म्हणते. २,९०० वेली बघण्याऐवजी ३३६ बघायच्या आणि तेवढ्यात ५८ पैकी ५२ हाती लागतात. फसवणूक नकाशात नाही, ‘भुरी, ९४ टक्के’ या शब्दांत आहे. त्याऐवजी ‘इथे जाऊन बघा’ एवढंच लिहिलं असतं, तर काकांनी पीडीएफ फेकून दिली असती का?

आणि ‘आमची अचूकता ९८ टक्के’ असं कुणी सांगितलं तर फसू नका. दोन टक्केच रोग असेल तर डोळे मिटून ‘सगळं ठीक’ म्हणणाराही ९८ टक्के अचूक असतो.

पिक्सेलपंत

ताईंना दंडवत. माझ्या साहेबांना हेच तीन वर्षं समजावतोय.

मोरचूद

एक कुणी बोललं नाही. ही पीडीएफ कुणाच्या मालकीची? उद्या व्यापारी बागेवर आला आणि त्याच्या मोबाइलमध्ये आधीच आपले सात लाल ठिपके असले, तर भाव तिथेच पडला. करारात फोटो कुणाला देणार हे लिहून घ्या.

उडता_सोनार

मोरचूद यांचा मुद्दा रास्त आहे. मी तर फोटो शेतकऱ्याला देऊन माझ्याकडचे पुसतो. पण सगळे पुसतात असं म्हणवत नाही.

शिवारफेरी

@बांधावरचा, वडिलांची समजूत काढायची असेल तर नकाशावरून वाद घालू नका. रविवारी गावी जा. जुन्या लाल साडीच्या चिंध्या घ्या, सातही जागी मांडवाच्या खांबाला बांधा आणि प्रत्येक ठिकाणी पान उलटून बघा. जिथे वर डाग आहे पण खाली बुरशी दिसत नाही, तिथली दोन-चार पानं तोडा, ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि रात्रभर घरात ठेवा. डाउनी असेल तर सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव उठते. नसेल तर नाही उठत. याला वीजही लागत नाही.

चहाटळ

पिशवीवर नाव लिहा. नाहीतर घरातले मेथी म्हणून निवडायला घेतील.

बांधावरचा

(आठ दिवसांनी)

जाऊन आलो. थोडं लांबेल.

वडील सुरुवातीला आलेच नाहीत. मी आणि धाकटा भाऊ चिंध्या घेऊन निघालो. मांडवाखाली मोबाइलचं जीपीएस चार-पाच वेली इकडेतिकडे सरकतं, त्यामुळे ओळी मोजत जावं लागलं. तिसऱ्या ठिपक्यापाशी आम्ही चुकीच्या ओळीत चिंधी बांधतोय हे लांबून बघून वडिलांना राहवलं नाही. “ती सतरावी नाही, अठरावी!” आणि मग पुढचे चारही ठिपके तेच पुढे आणि आम्ही मागे.

पहिले दोन, गंधकाचे डाग. बोटाने पुसले तर निघाले. तिसऱ्याला ठिबकची नळी शेवटाला चोंदलेली, चार वेली तहानलेल्या. वडील काही बोलले नाहीत, पण लगेच नळीचं टोक सोडून धुवून काढलं. चौथ्या जागी वेलच नाही, मागच्या वर्षी मेली होती, तिथली मोकळी माती यंत्राला रोग वाटली. पाचव्याला काहीच सापडलं नाही. सातव्यालाही.

सहावा ठिपका बांधाच्या कडेला, शेजाऱ्यांच्या उसाला लागून. ऊस उंच झालाय, त्यामुळे त्या कोपऱ्यात सकाळचं ऊन उशिरा येतं. दहा वाजले तरी पानं ओली होती. तीन वेलींवर वरून फिकट डाग, खाली काही दिसेना. वडील म्हणाले, ऊन कमी म्हणून पिवळी पडलीत. मी म्हटलं, पिशवी.

आणि एक. परत येताना पंपघराजवळ, जिथे नकाशा हिरवागार होता, तिथे वडील अचानक वाकले आणि मांडवाच्या आतलं, अगदी खालचं एक पान उलटलं. पांढरीशुभ्र बुरशी. ड्रोनला ते पान कधीच दिसलं नसतं, वर दोन थर पानांचे. म्हटलं, कसं कळलं? तर म्हणे, “इथे दरवर्षी पहिली येते.”

रात्री पिशव्या फ्रिजवर ठेवल्या (चहाटळ, आईने विचारलंच, मेथी का?). सकाळी सहाला वडील माझ्याआधी उठून पिशव्या उजेडात धरून उभे. सहाव्या ठिपक्याच्या चार पानांपैकी तीन पानांना लव आलेली. “उसाच्या अंगाला औषध पोचत नाही, तिकडून पुन्हा मारायला पाहिजे,” एवढंच म्हणाले आणि ट्रॅक्टर काढायला गेले.

संख्याताई

सातात एक! आणि पंपघर सुटलं. माझ्या हिशेबाच्या आसपासच की.

जुन्नरी_मिसळ

चुलते म्हणतात पंपघरवाल्या बाबांना भेटायचंय.

शिवारफेरी

नळीचा ठिपका मी ‘खरा’ धरेन. रोग नव्हता, पण दुखणं होतं. त्या पीडीएफवर सातही जागी काय निघालं ते लिहून ठेवा आणि कंपनीला कळवा. असं बांधावरून लिहिलेलं त्यांना कुठल्याही साठ्यात मिळणार नाही.

बांधावरचा

वडिलांनी आधीच लिहिलंय. पीडीएफची प्रिंट काढून आणली होती, तिच्यावर बॉलपेनने प्रत्येक ठिपक्याशेजारी: ‘गंधक’, ‘गंधक’, ‘नळी’, ‘वेल नाही’, ‘काही नाही’, ‘केवडा’, ‘काही नाही’. आणि पंपघराजवळ स्वतःच एक गोल काढून ‘केवडा, खालच्या पानाला’. कंपनीच्या पोराला मी हे सांगितलं, तर तो खूश होऊन म्हणाला, काका, याचा फोटो पाठवा ना, मॉडेल सुधारायला उपयोग होईल.

वडिलांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, “पाठवतो की. एकरी सहाशे.”

ऊसकरी_इंदापूर

दिले का मग?

बांधावरचा

साहेबांना विचारून सांगतो म्हणालाय.